घाट तीन, ऐकू येतंय का?

गुरुवार

दुपारी दुकान ह्यांच्यावर टाकलं आणि यवतेश्वरच्या घाटात गेलो. मी, क्लबचे सर आणि इंजिनिअरिंगला असलेला आमचा तो पोरगा. रविवारी हिल मॅरेथॉन, आणि वाटेवरच्या वायरलेसची जबाबदारी हौशी रेडिओवाल्यांकडे, म्हणजे आमच्या क्लबकडे. रस्ता तोच, वळणं तीच, तरी सर पाहणी चुकवू देत नाहीत. 'गेल्या वर्षी इथून ऐकू येत होतं की' असं त्यांच्यापुढे म्हणायची सोय नाही. वर्षभरात झाडं वाढतात, हॉटेलवाल्यांचे पत्र्याचे बोर्ड उभे राहतात, आणि पत्रा आडवा आला की आवाज गेला.

आम्ही वापरतो तो दोन मीटरचा बँड, म्हणजे रेडिओलहरींचा पट्टा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. साधारण नजर पोचते तिथवर तो पोचतो. घाटाच्या बाहेरच्या वळणावर उभं राहिलं की खाली सगळा सातारा दिसतो, समोर अजिंक्यतारा, त्याच्यावरचा टॉवरसुद्धा. तिथून पाच वॅटचा हातातला सेट शर्यतीच्या मैदानावरच्या कंट्रोलला, म्हणजे आमच्या मुख्य केंद्राला, लख्ख ऐकू जातो. तेच पुढच्या आतल्या वळणात शिरलं की डोंगराची सोंड मध्ये येते आणि सेटमधून नुसती खरखर. आम्ही तिला सावली म्हणतो. दुपारभर आमचं काम म्हणजे सावली कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते पायांनी मोजणं.

माझ्या वाट्याला येणारं वळण, सेटवरचं नाव 'घाट तीन', नेमकं सावलीच्या काठावर आहे. तिथे सर मला कठड्याला लागून उभं करून हळूहळू सरकवत होते. 'कंट्रोल, घाट तीन, ऐकू येतंय का?' काही नाही. वीतभर डावीकडे. तुटक. आणखी वीतभर. स्वच्छ! लहरीची लांबीच दोन मीटर, त्यात एक सरळ येते, एक कड्यावर आपटून येते. दोघी जिथे एकमेकींना खातात तिथे आवाज मरतो, आणि हातभर सरकलं की पुन्हा उठतो. पोरानं तिथे दगडावर खडूनं फुली मारली. पावसानं जाईल म्हणून मग वीट घासून परत मारली. रविवारी फुली सोडायची नाही, असं मला बजावून सांगण्यात आलं.

गवताचा भारा घेऊन एक मावशी चालल्या होत्या. थांबल्या. 'काय ओ ताई, पोलिसातलं हाय का ते?'

'नाही मावशी, हौसेचं आहे.'

'हौसेपायी एवढं उन्हातान्हाचं?' म्हणाल्या आणि गेल्या. सर हसले. मला उत्तर सुचलं नाही.

शनिवार

बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यात, स्वयंपाकघरातले सगळे प्लग अडलेत. सासूबाईंचा मिक्सर उद्यावर. प्रत्येकाच्या खिशात घालायच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या: कोण कुठे, कुणाला कुणाचं ऐकू येतं, कुणाचं कुणामार्फत पोचवायचं. यवतेश्वरच्या कडेला जो बसणार त्याला खालचं शहरही दिसतं आणि वरचा कासकडे जाणारा रस्ताही कळतो, म्हणून तो रिले, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याला पोचवणारा. त्या जागेवर बडबड्या माणूस चालत नाही. यंदा तिथे तलाठी आहेत आमचे, दिवसाला दहा वाक्यं बोलणारे. उत्तम.

ह्यांनी विचारलं, उद्या दुकानात माल येणार आहे, तेवढं सेटवरून सांगता येईल का तुला? नाही येणार. आमचा परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी ह्या वायरलेस सांभाळणाऱ्या शाखेचा, परीक्षा देऊन मिळवलेला, आणि त्यात धंद्याचं बोलणं बसत नाही. गाणी वाजवणंही नाही. बारा वर्षं पुरी झालेल्या कुणालाही ही परीक्षा देता येते, पण 'मग बोलायचं तरी काय?' हा प्रश्न घरोघरी हमखास येतो.

रविवार, रात्री

पाय सुजलेत, पण आजचं आजच लिहिते.

पहाटे मैदानावर पोचलो तेव्हाच मोबाइल गुदमरायला लागले होते. हजारो माणसं एका जागी, प्रत्येकजण फोटो पाठवतोय, भावाला विचारतोय कुठल्या गेटपाशी आहेस. गाडीनं वर गेलो, फुलीवर उभी राहिले, पहिली हाक दिली. कंट्रोलनं घाट एक ते घाट पाच अशी हजेरी घेतली. मग शांतता. ती शांतता खरं तर आमच्या कामाचा मोठा भाग आहे. बाहेरच्यांना वाटतं आम्ही सारखं बोलत असतो. कानाला सेट लावून दोन-अडीच तास गप्प उभं राहायचं, आणि कुणाचंही बोलणं आपलं नसलं तरी नीट ऐकायचं. नव्यांना नेमकं हेच जमत नाही. आज एका नव्या परवानाधारकानं घरून 'सर्वांना शुभ सकाळ' घातली, त्याच क्षणी घाट पाच पाण्याच्या टेबलावरचे पेले संपल्याचं सांगत होता. दोघं एकदम बोलायचं बटण दाबून बसले की आमच्या एफएम सेटवर कर्कश शिट्टी येते आणि दोघांचंही बोलणं जातं. पेल्यांचा निरोप दुसऱ्यांदा द्यावा लागला. पेलेच होते म्हणून बरं.

पुढचे धावणारे वर जाताना पाहणं हे मात्र सुख आहे. कासचा हंगाम, धुकं कठड्यावरून सांडत होतं, त्यातून एकेक पाय येत होते.

गडबड उतरणीला झाली. चाळिशीतला एक गृहस्थ वेग कमी करत करत कठड्याला टेकला, मग खाली बसला, मग उलटी. ओठ पांढरे. मी औषधाच्या दुकानात आयुष्य काढलेली, पहिला हात त्याच्या मनगटाकडेच गेला असता. पण सरांचा नियम: आधी निरोप, मग माया. फुलीवरूनच बोलले.

'कंट्रोल, घाट तीन, तातडीचं.'

त्या शब्दाला सगळा चॅनल मोकळा होतो. 'बोला घाट तीन.'

'धावपटू, नंबर चार-सहा-नऊ-एक. शुद्धीवर आहे. चक्कर, उलटी, चालता येत नाही. ॲम्ब्युलन्स हवी. माझ्यापासून शहराकडे पन्नास पावलं, कठड्याच्या अंगाला. ओव्हर.'

आकडे सुटे सुटे, कारण एकोणसाठ आणि एकोणसत्तर खरखरीत एकच ऐकू येतात. नाव घ्यायचं नाही, कारण हे बोलणं कुणीही ऐकू शकतं आणि घरच्यांना अशी बातमी हवेतून कळता कामा नये. काय झालं असावं ह्याचं आपलं अनुमान सांगायचं नाही. दिसतं तेवढंच.

कंट्रोलनं निरोप जसाच्या तसा परत वाचून दाखवला, मी 'बरोबर' म्हटलं. ॲम्ब्युलन्स घाट दोनपाशी उभी होती. घाट दोननं माझं बोलणं सुरू असतानाच ड्रायव्हरच्या खिडकीवर थाप मारली होती, गाडी सुरू करून 'निघू?' एवढंच त्यानं कंट्रोलला विचारलं. वरच्या घाट चारनं धावणाऱ्यांना डोंगराच्या बाजूला घ्यायला सुरुवात केली, म्हणजे कठड्याची बाजू गाडीला मोकळी. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तलाठी आमचे एक अक्षर बोलले नाहीत, पण खाली आल्यावर कळलं की वरच्या पाण्याच्या टेबलावरून खुर्ची आणि पाण्याचा कॅन घेऊन एकाला त्यांनी माझ्याकडे धाडलं होतं. तो गाडीच्या थोडा आधीच पोचला.

माझ्या शेजारी एक कॉलेजचा स्वयंसेवक होता, मोबाइल हातात धरून. रेंज दाखवत होता, फोन लागत नव्हता. नंतर म्हणाला, 'ताई, लागला असता तर सोपं होतं ना?' मला नाही वाटत. लागला असता तर तो एकाला लागला असता. त्यानं दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्यानं ॲम्ब्युलन्सवाल्याचा नंबर शोधायचा, घाट चारला कुणी लावलाच नसता. फोन दोघांच्यात असतो. आमच्या सेटवर एकजण बोलतो आणि अख्खी वाट ऐकते, ज्याला जे करायचं ते त्याचं त्याला कळतं. लोक म्हणतात, मोबाइलच्या जमान्यात हे खेळणं कशाला, तेव्हा मोबाइल बंद पडतील हे एकच उत्तर आम्ही देतो. ते खरं आहे, पण अर्धंच. नेटवर्क चालू असतानासुद्धा हे काम फोननं असं झालं नसतं.

दुपारी कंट्रोलकडून कळलं, गृहस्थ ठीक आहेत, घरी गेले. मग समर्थ मंदिरापाशी सगळ्यांनी मिसळ खाल्ली आणि शुभ सकाळवाल्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. तो तिथे नव्हता, हे त्याचं नशीब.

सोमवार

पेपरात विजेत्यांचे फोटो. आमच्याबद्दल अवाक्षर नाही. पोरगा खट्टू. मी म्हटलं, बातमीत आपलं नाव येण्यासारखं काही घडलं असतं तर ते चांगलं झालं असतं का? म्हणाला, 'तसं नाही ताई, पण एक ओळ?' हो, एक ओळ मलाही आवडली असती.

बुधवार

क्लबची बैठक. सेटचा हिशेब, फुटलेला एक अँटेना, कुणाची वर्गणी राहिली, हे नेहमीचं. मग पोरानं विषय काढला की रविवारी सगळं छान झालं, आता आपण आपत्तीला तयार आहोत असं जिल्हा कार्यालयाला कळवू या.

सर एवढंच म्हणाले, 'पाटण.'

२०२१च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते वाहून गेलेले, डोंगराच्या एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात निरोप जायचा कसा? आमचे घाटातले सेट तिथे निरुपयोगी, सगळीकडे सावलीच. तिथे लागतो चाळीस मीटरचा बँड आणि साधी तांब्याची तार: ७.१ मेगाहर्ट्झला दोन्ही बाजू मिळून सुमारे वीस मीटर, मध्ये फीडर, म्हणजे सेटकडे जाणारी केबल. गंमत म्हणजे ती उंच बांधायची नाही. आठ-दहा फुटांवर, दोन सागांच्या मध्ये. मग लहर क्षितिजाकडे न जाता जवळजवळ सरळ वर जाते, आयनावरणाला, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराला, लागून उलटते आणि कारंज्याच्या पाण्यासारखी भोवतालीच पडते, मधल्या डोंगरांना न विचारता. पाटणची सातारला, सातारची कोल्हापूरला. दिवसा हे चालतं. रात्री ह्या बँडवर दूरदूरची केंद्रं येतात आणि शेजारचं गाव नाहीसं होतं, तेव्हा ऐंशी मीटरवर उतरायचं, म्हणजे तार दुप्पट.

पोरानं विचारलं, पण अशी वेळ येईपर्यंत हे सगळं करत बसायचं? तेव्हा सरांनी अंदमानची गोष्ट काढली. जुन्यांना पाठ आहे, तरी ऐकली. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा आमच्यासारख्याच हौशी रेडिओवाल्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. आपत्तीसाठी गेलेच नव्हते. अंदमानहून जगभरच्या हौशी केंद्रांशी बोलावं, एवढ्या हौसेसाठी गेले होते. अँटेना उभा होता, सेट चालू होता, हात बसलेला होता. फोन गेल्यावर बेटावरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचवली ती ह्या मंडळींनी. त्या गवतवाल्या मावशी पुन्हा भेटल्या तर ही गोष्ट सांगेन म्हणते.

जिल्हा कार्यालयाला पत्र आत्ता द्यायचं नाही, असं ठरलं. आधी तार लावून बघायची. पोरगा रुसेल असं वाटलं होतं, पण त्यानंच नकाशा उघडून जागा शोधायला घेतल्या. पुढच्या रविवारी दोन गट: एक पाटणच्या पलीकडे कोयनेच्या बाजूला, एक इथे सरांच्या गच्चीत. तार माझ्याकडे, तार सेटशी जुळवणारा ट्यूनर सरांकडे, दोर तलाठ्यांकडे, डबा ज्याचा त्यानं आणायचा. पाऊस असला तरी जायचंच. उलट पाऊस असला तर बरंच, असं सर म्हणाले आणि बायकोनं गच्चीतल्या वाळवणाचं विचारलं तर काय सांगायचं ह्या काळजीत पडले.