काकांचा मास्क काढला तो दिवस

मोटर न्यूरॉन डिसीजमध्ये स्नायू एकामागून एक साथ सोडतात. बुद्धी मात्र बहुतेकांची शाबूत राहते. काकांचे हातपाय गेले, मग जीभ गेली. श्वास बायपॅपच्या, म्हणजे हवा दाबाने आत ढकलणाऱ्या मशीनच्या मास्कवर, आधी फक्त रात्री आणि नंतर चोवीस तास. बोलणं डोळ्यांनी. काकू अक्षरतक्ता समोर धरून "क वर्ग, च वर्ग, ट वर्ग" म्हणत जायच्या. हव्या त्या ओळीला काका पापणी मिटायचे, मग अक्षर, मग मात्रा. एका वाक्याला पाच-सात मिनिटं लागत, त्यामुळे ते एकही शब्द वाया घालवत नसत.

मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं न होणाऱ्या आजारातला त्रास कमी करणारी डॉक्टर. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, "इंजेक्शन देता का?"

म्हणजे मरण देणारं इंजेक्शन. हा प्रश्न आम्हाला नवा नाही. त्यामागे बऱ्याचदा आटोक्यात न आलेली वेदना असते, गुदमरण्याची भीती असते, किंवा आपलं घरच्यांना ओझं झालंय ही बोच असते. ती हाताळली की प्रश्न मागे पडतो. काकांचा पडला नाही. मॉर्फिनच्या छोट्या डोसने दम लागणं कमी झालं, झोप लागू लागली, मानसोपचारतज्ज्ञांनी तपासून नैराश्य नसल्याचं सांगितलं. तरीही त्यांचं मागणं तेच.

मी स्पष्ट सांगितलं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून कायद्याच्या अटी पाळून डॉक्टर असं इंजेक्शन देऊ शकतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून डॉक्टर औषध लिहून देतात, पण ते पेशंटने स्वतःच घ्यायचं असतं. भारतात यातलं काहीच करता येत नाही. "पण हा मास्क ठेवायचा की नाही, हे तुम्ही ठरवायचं," मी म्हटलं. शुद्धीत असलेल्या, स्वतःचा निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला उपचार नाकारण्याचा हक्क आहे, चालू उपचार थांबवण्याचाही. ९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो मान्य केलाय. पेशंट निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर दोन वैद्यकीय मंडळांची प्रक्रिया असते. २०२३ मध्ये तीही थोडी सुटसुटीत झाली.

मास्क लावताना त्यांच्याकडून सही घेतली होती, पण तो नको झाला तर काढता येतो हे कुणीही सांगितलं नव्हतं. याचा मला आजही राग येतो. इच्छामरणावर इतक्या हिरिरीने वाद घालणारे आपण, आणि जो हक्क पेशंटला आधीच मिळालाय तो त्याच्या कानावरही घालत नाही.

काकांनी विचारलं, "फरक काय?"

"मास्क काढला तर तुम्हाला आजार नेईल. इंजेक्शन दिलं तर मी."

बराच वेळ घेऊन त्यांनी लिहवलं, "फरक तुम्हाला. मला नाही."

मी वाद घातला नाही. माझ्या लेखी तो फरक खरा आहे आणि त्याच्या आधारावरच मी हे काम करू शकते. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला जमलेलं नाही.

ठरलेल्या सकाळी मुलगा दारातच आडवा आला. "मॅडम, ही आत्महत्याच झाली ना? आणि तुम्ही तिला हातभार लावताय." मी त्याच्या हातात अक्षरतक्ता दिला. त्याने तो आधी कधीच धरला नव्हता. दोनदा ओळ चुकली, काका डोळे मिटून थांबले, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी वाक्य जमलं : "विचार झालाय. वाद नको."

मशीनचा अलार्म आधी बंद केला. मग झोपेसाठी मिडाझोलाम आणि दम लागू नये म्हणून मॉर्फिन. हाक मारून, पापण्यांच्या केसांना बोट लावून काही हालचाल होत नाही याची खात्री केली आणि मशीनचं प्रेशर थोडं उतरवलं. लगेच मानेचे स्नायू ताणले गेले, नाकपुड्या फुलल्या. प्रेशर पुन्हा वर घेतलं, आणखी एक डोस दिला, थांबलो.

"डोस वाढवला म्हणजे तेच झालं ना?" मुलगा म्हणाला.

"त्यांची मान बघा," मी म्हटलं. "ती सैल पडेपर्यंतच द्यायचा. त्यापुढे एक थेंबही नाही."

मान सैल पडली. प्रेशर टप्प्याटप्प्याने खाली आणलं आणि सिस्टरनी मास्कचे पट्टे सोडले. नाकाच्या उंचवट्यावर मास्कने जखम झाली होती, गालांवर पट्ट्यांचे खोल वळ. काकू ओल्या कापसाने ते वळ टिपत राहिल्या. पाऊण तासाने श्वास थांबला. कपाळावर एकदाही आठी आली नाही. मृत्यूच्या दाखल्यावर मी कारण लिहिलं, मोटर न्यूरॉन डिसीज. मुलाने ते वाचलं आणि काही न बोलता सही केली.

संध्याकाळी पलीकडच्या खोलीतल्या ताईंकडे गेले. पोटाचा कॅन्सर, यकृतापर्यंत पसरलेला. त्याही अधूनमधून इंजेक्शन मागतात. काकांकडे नाकारायला मास्क तरी होता. ताईंना ना व्हेंटिलेटर, ना डायलिसिस. काढून घेण्यासारखं काहीच नाही. थांबवण्याजोगं यंत्र असलेल्याला एक दार उघडं आणि नसलेल्याला बंद, हे मला पटत नाही. तरी इंजेक्शनचा कायदा आला तर तो आधी गरिबांवर, एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांवर कसा लादला जाईल, ही धास्ती मनातून जात नाही. माझं मत अजून या दोन्हींच्या मध्ये अडकलेलं आहे.

ताईंना मी सांगितलं, वेदनेसाठी अजून नर्व्ह ब्लॉक, म्हणजे वेदना नेणारी नस औषधाने बधिर करणं, बाकी आहे. आणि शेवटच्या दिवसांत कशानेच आराम पडेना झाला, तर त्रास जाणवणार नाही इतकं झोपेचं औषध सलग चालू ठेवता येतं. मृत्यू लवकर आणणं हा त्याचा हेतू नसतो.

"ते सुरू करायचं, हे कोण ठरवणार?"

"तुम्ही आणि मी मिळून. तुम्हाला सांगता येईनासं झालं तर कुणाला विचारायचं, ते आत्ताच लिहून ठेवू."

त्यांनी धाकट्या बहिणीचं नाव सांगितलं. मी केसपेपर पुढे ओढला.