तेलविहिरीचे उतारवय

समुद्रातल्या तेलविहिरीलाही उतारवय असते. सुरुवातीच्या वर्षांत खडकांच्या थरांतला दाबच तेलाला वर ढकलतो. पुढे तो दाब ओसरला की थरात पाणी किंवा वायू सोडून तेल रेटावे लागते, आणि अखेरीस वर येणाऱ्या द्रवात तेलापेक्षा पाणीच अधिक असते. ते पाणी वेगळे करून शुद्ध करण्यासाठी आणि पुन्हा खाली सोडण्यासाठी पंप अहोरात्र चालतात, त्यामुळे हाती येणारे तेल घटत असताना दर पिंपामागे खर्ची पडणारी ऊर्जा मात्र वाढत जाते.

देशांतर्गत तेल उत्खनन आणि अक्षय ऊर्जा यांचा मेळ घालण्याविषयी विचार करताना मला ही विहीर आधी आठवते. दोन्हींवर सारखाच पैसा खर्च केला की समतोल साधला, असे मला वाटत नाही. चालू क्षेत्रातले उरलेले तेल काढणे आणि नवे क्षेत्र उघडणे हे निर्णय वेगवेगळे आहेत, कारण नव्या क्षेत्रातून तेल हाती येईपर्यंत अनेकदा दहा-एक वर्षे जातात आणि त्यानंतर ते कित्येक दशके चालवल्याशिवाय गुंतवणूक वसूल होत नाही.

आयातीवर विसंबण्याची भीती मी कमी लेखत नाही. 1973 च्या तेलसंकटात डेन्मार्कला रविवारी मोटारी चालवण्यावर बंदी घालावी लागली होती. त्या देशाने पुढे उत्तर समुद्रातले तेल आणि वायू काढले, आणि त्याच काळात वाराही हाताशी धरला. 1991 मध्ये विंडेबी येथे 11 पवनचक्क्यांचा जगातला पहिला सागरी पवनऊर्जा प्रकल्प तिथेच उभा राहिला. 2020 मध्ये त्याने तेल-वायू शोधाचे नवे परवाने थांबवून 2050 पर्यंत उत्खनन बंद करण्याचे ठरवले. तेलाला अखेरची तारीख देण्याचे हे धाडस मला फार मोलाचे वाटते.

नॉर्वेचे उदाहरण मात्र मला अस्वस्थ करते. तिथल्या हायविंड टाम्पेन प्रकल्पात समुद्रावर तरंगणाऱ्या 11 पवनचक्क्या स्नोरे आणि गुलफाक्स या क्षेत्रांतल्या प्लॅटफॉर्मना वीज पुरवतात, त्यामुळे तिथल्या वायूवर चालणाऱ्या टर्बाइनचा धूर कमी होतो. अभियांत्रिकी म्हणून हे काम थक्क करणारे आहे, पण त्या विजेवर काढलेले तेल शेवटी कुठे तरी जळतेच.

शिवाय तेलाचा मोठा भाग वाहतुकीत जातो, त्यामुळे केवळ सौरपट्ट्या वाढवल्याने तेलाचा खप आपोआप उतरत नाही. गाड्या विजेवर याव्या लागतात. याबाबतीत नॉर्वेचे कौतुकच केले पाहिजे, कारण 2024 मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ पूर्णतः विजेवर चालणाऱ्या होत्या. तेलाच्या उत्पन्नाचा ठरावीक वाटा चार्जिंग केंद्रे, वीजवाहिन्या आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या यांच्यासाठी कायद्यानेच बांधून ठेवावा, असे माझे ठाम मत आहे.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद हवी. विहीर सिमेंटने कायमची बुजवणे आणि प्लॅटफॉर्म उतरवणे यांचा खर्च प्रचंड असतो, आणि ती वेळ येते तेव्हा विहिरीची कमाई संपलेली असते. तो पैसा पहिल्या पिंपापासूनच बाजूला काढला गेला पाहिजे.