कित्तूरच्या राणीला एक पान

खानापुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, यात्रेची पत्रकं, असलं काम. कोश लिहिणं हा आपला प्रांत नव्हे. पण गावातल्या वाचनालयानं सीमाभागातल्या माणसांचा छोटा चरित्रकोश काढायचं ठरवलं, टायपिंग माझ्याकडं आलं, आणि कित्तूरच्या राणी चन्नम्मांची नोंद लिहिणारे गृहस्थ ऐनवेळी मुलाकडं पुण्याला निघून गेले. संपादक आमचे निवृत्त मुख्याध्यापक. सर दुकानात आले, स्टुलावर बसले नि म्हणाले, "तूच लिही आता. बाकी सगळ्या नोंदी तूच टाइप केलास की. एक पान, सहाशे शब्द. फॉर्मा वाढला की खर्च वाढतोय."

माझा पहिला मजकूर एकवीसशे शब्दांचा झाला.

सुरुवातच वाघानं केली होती. माझं आजोळ काकती, बेळगावातनं कोल्हापूरच्या रस्त्याला लागलं की येतं ते. चन्नम्मांचं माहेरही काकतीच. आजी सांगायची: कित्तूरचे मल्लसर्ज देसाई वाघाच्या शिकारीला आले, बाण सोडला, वाघ पडला. जवळ जाऊन बघतात तर वाघाच्या अंगात बाण दोन, आणि समोर काकतीच्या देसायांची लेक धनुष्य घेऊन उभी. त्यातनंच पुढं लग्न. मी हे रंगवून अडीचशे शब्द लिहिलं होतं.

सरांनी लाल पेन काढलं. "बघिटलं कुणी?"

"सर, अख्खी काकती सांगते."

"सांगू दे की. गोष्ट झकास आहे. पण ही काढली तर पुढचं काय कळायचं राहतंय काय?"

काहीच राहत नव्हतं. लग्न झालं हे एका ओळीत मावत होतं. वाघ गेला, आणि सरांचा तो प्रश्न मात्र पुढचे तीन आठवडे माझ्या मानगुटीवर बसला.

जन्माचं साल १७७८ सगळीकडं मिळतं. तारखा मात्र दोन, एक ऑक्टोबरातली, एक नोव्हेंबरातली. मी साल ठेवलं, तारीख गाळली. मृत्यूचंही तेच. कुठं २ फेब्रुवारी १८२९, कुठं २१. एक आकडा कुणाच्या तरी हातून गळाला असणार. आमच्या धंद्यात हे रोज होतं, म्हणून मला त्याचं नवल वाटलं नाही. नोंदीत 'फेब्रुवारी १८२९, बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत असताना' एवढंच लिहिलं.

मग मुलाची भानगड. "राणीचा मुलगा वारला, राणीनं दत्तक घेतला" असं आम्ही शाळेपासून ऐकलेलं. पण १८२४ च्या सप्टेंबरात वारला तो शिवलिंगरुद्रसर्ज मल्लसर्जांच्या थोरल्या राणीचा, रुद्रव्वांचा मुलगा. चन्नम्मांचा सावत्र. आणि दत्तक त्यानंच मरायच्या आधी घेतला होता, मस्तमर्डीच्या पाटलांचा मुलगा. नात्यातला हा बारकावा सर नक्की खोडतील असं वाटलं. उलट त्यांनी शेजारी बरोबरची खूण केली. सवतीच्या मुलानं घेतलेल्या दत्तकासाठी ही बाई कंपनी सरकारच्या अंगावर गेली. हे कळल्यावर मलाच माझा वाघ पोरकट वाटायला लागला.

दत्तकाचा विषय आला म्हणून मी ठोकून दिलं होतं, 'डलहौसीच्या खालसा धोरणामुळे'. सगळे तसंच लिहितात. सर काही बोलले नाहीत, नुसतं डलहौसीवर बोट ठेवून माझ्याकडं बघत बसले. डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ साली. कित्तूरची लढाई १८२४ ची. चोवीस वर्षं आधी! वाक्य बदललं: धारवाडचा कलेक्टर थॅकरे यानं दत्तक मानायला नकार दिला आणि खजिन्याला मोहरा लावल्या. २३ ऑक्टोबरला कित्तूरच्या किल्ल्यापुढं तो मारला गेला. हा थॅकरे त्याच आडनावाच्या प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकाराचा काका. ती माहिती मी मोठ्या हौसेनं कंसात घातली होती. ती थॅकऱ्याच्या नोंदीत शोभेल, राणीच्या नाही. गेली. त्याचे दोन मदतनीस, स्टीव्हन्सन आणि इलियट, राणीच्या कैदेत होते. राणीनं त्यांना सुखरूप सोडलं, तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीनं किल्ला घेतलाच. हे राहिलं, एक शब्दही कमी न करता.

खरी अडचण एका वाक्याची होती. मल्लसर्जांना दुसऱ्या बाजीरावानं पुण्यात अडकवून ठेवलं होतं आणि त्यातनं सुटून येताना १८१६ साली ते वारले. वाचनालयाच्या समितीतले एक काका म्हणाले, "मराठी कोशात पेशव्याला कशाला आणूलास? एवढं गाळलं तर कोण विचारणार आहे?" खरं सांगायचं तर माझाही हात आखडत होता. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून एक नोव्हेंबरला काळी फीत लावून मूक फेरीत चालणारा माणूस मी. हे वाक्य उद्या कुणी कुठं दाखवेल, याची धास्ती होती.

तो प्रश्न लावून बघितला. काढलं तर काय कळायचं राहतंय? पुष्कळ. १८१८ साली पेशव्याशी लढणाऱ्या कंपनीच्या मन्रोनं बेळगावच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा कित्तूरकर मन्रोच्या बाजूनं होते. पेशव्याची कैद गाळली तर हे नुसतं फितुरीसारखं वाचलं जातं. आणि ज्यांना मदत केली त्यांनीच सहा वर्षांत खजिन्याला मोहरा लावल्या, हा घाव किती खोल असेल ते समजतच नाही. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "बघा बाबा, तुमचं तुम्ही." वाक्य राहिलं. फक्त 'कपटाने' हा माझा शब्द मी काढला. तसा 'शूर' पण काढला. चार ठिकाणी होता.

'बंड' की 'उठाव' यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. इंग्रजी काळातलं गॅझेटियर बंड म्हणतं. सरांच्या मते, जो राज्यकर्ता मानतो त्याच्या दृष्टीनं बंड, आपण लढाई म्हणावी. लढाई केलं.

मध्ये एका रविवारी कित्तूरला जाऊन आलो. पडक्या वाड्यात ध्रुवतारा बघायसाठी भिंतीत बसवलेली नळी आहे, तिला डोळा लावून बघितलं. भरदुपारी काय दिसणार, गोल निळा तुकडा दिसला. मागं शाळेच्या सहलीची रांग, एक पोरगं कन्नडमध्ये ओरडत होतं, आटपा की, आमचा नंबर. घरी येऊन नळीवर साठ शब्द लिहिले आणि स्वतःच पुसले. नळी वाड्याची, राणीची नव्हे. सरांना हे सांगितलंही नाही.

शेवटी मानसन्मान: २००७ मध्ये संसदेच्या आवारात बसवलेला पुतळा, बेळगावातलं विद्यापीठ, तिच्या नावाची एक्स्प्रेस. नंदगडला फाशी गेलेल्या संगोळ्ळी रायण्णाला आधीच दोन ओळी दिल्या होत्या, कारण राणी कैदेत गेल्यावर तिची लढाई पुढं त्यानंच चालवली.

पान लावलं तर दोन ओळी खाली सांडत होत्या. टाइप बारीक करायला सर तयार नव्हते, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही म्हणाले. रायण्णाला हात लावायचा नव्हता. पुतळा ठेवला, विद्यापीठ ठेवलं, एक्स्प्रेस काढली. ती तशीही रोज खानापुरावरनंच जाते.