डावा कान

परवा दुपारी भांडी विसळताना इअरफोनचा उजवा कान गेला. वायर जरा पिळून, पिनेपाशी अंगठ्याने दाबून धरली की येतो, सोडली की जातो. हा उद्योग सगळ्यांनीच केलेला आहे. हात साबणाचे होते म्हणून मी तो नाद सोडला. लागला होता रमोन्स ह्या अमेरिकन पंक रॉक बँडचा पहिला अल्बम, 1976 चा. त्यातली गिटार एकदम बेपत्ता झाली. उरले बेसची धडधड, ड्रम्स आणि गायक जोईचा तो नाकातला आवाज. मी नळ बंद केला. अरे, हा तर माझा अल्बम!

म्हणजे असं, की आमच्याकडे वॉकमन एक आणि ऐकणारे दोन होते. दिवाळी आणि मे महिन्यात कोल्हापूर-पुणे एसटी. खिडकी कायम दादाची, आणि खिडकी उजवीकडे. त्यामुळे इअरफोनचा उजवा कान त्याला, डावा मला. कऱ्हाड येईपर्यंत हा अल्बम तीनदा तरी व्हायचा. दादा डोळे मिटून मांडीवर हात आपटत म्हणायचा, ‘‘गिटार ऐक, गिटार!’’ मी जीव तोडून ऐकायचो. गिटार काही सापडायची नाही. ‘‘ह्यात गिटार आहेच कुठे?’’ असं एकदा म्हणालो तर टपली बसली. कानाने अधू भावाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मीही तसं मानून घेतलं.

खरी गंमत कितीतरी वर्षांनी कळली. ह्या रेकॉर्डवर बेस डावीकडे ठेवलाय आणि गिटार उजवीकडे. गाणं आणि ड्रम्स मधोमध. बीटल्सच्या सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डींवर असेच बाजूबाजूला ठेवलेले आवाज असत, तिथून ही कल्पना आली. न्यूयॉर्कला रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या स्टुडिओत आठवड्याभरात, 6,400 डॉलरमध्ये उरकलेलं काम आहे हे. चौदा गाणी, एकूण 29 मिनिटं. गिटारवाल्या जॉनीचा हात तारांवरून फक्त वरून खाली, वरून खाली, मुसळासारखा. ते मुसळ दादाच्या कानात कांडत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. एका बाकावर बसून आम्ही दोघं वर्षानुवर्षं अर्धा अर्धा अल्बम ऐकत होतो, वर भांडत होतो.

आजीला ह्या मंडळींमध्ये रस होता तो आडनावापुरता. जोई रमोन, जॉनी रमोन, डी डी रमोन, टॉमी रमोन. ‘‘चौघे सख्खे का चुलत?’’ सख्खे नाहीत, चुलत नाहीत, आडनाव सगळ्यांनी मिळून घेतलंय, हे दादाने सांगितल्यावर ती थक्क झाली. आपल्याकडे माणसं आडनावाखातर कोर्टात जातात. ‘‘आणि मूळचं काय?’’ हा तिचा पुढचा प्रश्न. तेव्हा आम्हांला ते माहीत नव्हतं. आता माहीत आहे, की टॉमी मूळचा एर्देली, जन्म बुडापेस्टचा. पण सांगायला आजी नाही.

कव्हरही मी फार उशिरा पाहिलं. विटांच्या भिंतीला टेकून चौघे उभे आहेत, काळी जाकिटं आणि गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. आमच्या कॅसेटला कव्हर नव्हतंच. दादाच्या कॉलेजातल्या एका मित्राचे काका अमेरिकेहून आले होते, त्यांच्याकडचा अल्बम त्याने आम्हांला भरून दिला. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते म्हणून दादाने घरातली एक साठची दिली. तिच्यावर आजीची स्तोत्रं होती.

कॅसेटच्या वरच्या कडेची ती प्लास्टिकची चौकोनी टिकली तोडली की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आम्ही ती तोडली नव्हती.

आजी रागावली नाही. ‘‘पुन्हा म्हणीन की, त्यात काय,’’ म्हणाली. पण तिला म्हणायला सांगणं काही कुणाला सुचलं नाही.

साठच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. अल्बम 29 मिनिटांचा. शेवटचं गाणं संपलं की ‘खट्’ व्हायचं, थोडी खरखर, आणि मग आजी. कुठल्यातरी श्लोकाचा शेवटचा चरण, एक खोकला, आणि ‘‘बंद कर रे आता, दूध उतू चाललंय.’’ टू-इन-वनच्या एकाच माइकवर घेतलेलं ते, त्यामुळे दोन्ही कानांत सारखं. तेवढ्यापुरतं आमचं भांडण नसायचं. बहुतेक तेव्हा बस कुठल्यातरी घाटात असायची.

ती कॅसेट कुठे गेली कुणास ठाऊक. रमोन्सचंही तसंच झालं. अमेरिकेत ह्या अल्बमच्या पाच लाख प्रती खपल्याचं गोल्डचं सर्टिफिकेट मिळालं ते 2014 साली, अडतीस वर्षांनी. तोवर चौघांपैकी टॉमी एकटाच उरला होता, आणि त्याच जुलैत तोही गेला.

भांडी तशीच ठेवून मी दादाला मेसेज टाकला : ‘रमोन्सच्या कॅसेटमध्ये तुला बेस ऐकू यायचा का रे?’

पाच मिनिटांनी उत्तर आलं : ‘कसला बेस?’

मी हसलो, पुन्हा नळ सोडला. डाव्या कानात चौदावं गाणं संपत आलं होतं. ते संपल्यावर मी नेहमीसारखा ‘खट्’ची वाट बघत थांबलो. फोनवर काही होत नाही, पुढचा अल्बम लागतो. तेवढ्यात दादाचा दुसरा मेसेज आला.

‘दूध उतू जायचं ते मात्र आठवतंय.’