झोप नीट लागते का?

काल रात्री कादंबरीतल्या वैमानिकाने मेडिकलच्या फॉर्मवर या प्रश्नापुढे 'हो' लिहिलं आणि मी पुस्तक उलटं ठेवून दिलं.

अपघातातून वाचलेला, घर मोडलेला माणूस. मालदीवला येऊन सी-प्लेन उडवायला लागतो. (तिथले बरेच वैमानिक खरंच अनवाणी असतात! खाली निळं पाणी आणि ट्विन ऑटर या छोट्या विमानाच्या पेडलवर उघडे तळवे.) खून वगैरे पुढे आहे म्हणे. माझा जीव त्या 'हो'पाशीच अडकला.

खरं लिहिलं तर मेडिकल, म्हणजे उडायला फिट असल्याचं सर्टिफिकेट जाणार, पाठोपाठ लायसन्स. नैराश्यावरच्या गोळ्या घेणाऱ्या वैमानिकांना उडायची वाट अमेरिकेने २०१० साली उघडली, तीही चारच औषधांपुरती. त्याआधी एकतर गोळी घ्यायची नाही, नाहीतर घेतो म्हणून सांगायचं नाही.

"अगं, गोष्ट आहे ती," हे कूस बदलत म्हणाले.

गोष्टच. पण सकाळी ऑफिसच्या हेल्थ चेकअपला मीही त्याच प्रश्नापुढे टिक करून आले होते. रोज पहाटे तीनला पंख्याकडे बघत पडलेली असते मी. आणि माझं तर लायसन्सही जाणार नव्हतं.

तुम्ही काय लिहिता हो तिथे?