डब्याचा सातबारा

"डब्याच्या मालकीचा उतारा जोडलेला नाही," टेबलामागचे साहेब म्हणाले.

मला वाटलं चेष्टा चाललीये. म्हटलं, "साहेब, रेल्वेचा डबा आहे. त्याचा सातबारा कुठून आणू?"

"मग अर्ज घेता येणार नाही, मॅडम."

मी आयुष्यभर पोस्टात नोकरी केली. अर्ज कसा फिरतो, कुठे झोपतो, सगळं ठाऊक आहे. तरी या एका डब्यावर साधं पत्र्याचं छप्पर घालायला मला चौदा महिने लागले. त्यात दोन पावसाळे गेले आणि डब्याचे चार खांब कुजले. त्या खांबांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

डबा आमच्या बागेत चौथऱ्यावर आहे. बार्शी लाइट रेल्वेचा, अडीच फुटी रुळांवर धावलेला, लोखंडी चेसीवर सागवानी सांगाडा. ही गाडी १८९७ साली सुरू झाली, पुढे पंढरपूरपर्यंत गेली, आणि वारीच्या दिवसांत तिच्या टपावरही माणसं असायची असं आमच्या आजी सांगायच्या. लाइन ब्रॉडगेज झाली. त्यानंतर हा डबा 'जतन' करण्यासाठी बागेत आणला गेला. जतन म्हणजे काय, तर चौथरा, साखळीचं कुंपण आणि दरवर्षी २६ जानेवारीच्या आधी ऑइलपेंटचा एक हात.

त्या रंगानेच घात केला. लाकूड ओलं असताना वरून ऑइलपेंट फासला की आतलं पाणी आतच राहतं. खिडक्यांच्या खाली पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती रंगाने बुजली. छपरावरचं कॅनव्हास फाटलेलं, त्यातून पाणी खांबांत उतरायचं आणि तळाशी, जिथे लाकूड लोखंडाला टेकतं, तिथे साचायचं. बाहेरून डबा लग्नातल्या नवऱ्यासारखा दिसत होता. गाडीच्या वर्कशॉपात सुतारकाम केलेले एक मिस्त्री आमच्या गल्लीत राहतात. त्यांनी एका खांबाच्या पायाशी टोचा लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. ते एवढंच म्हणाले, "रंग थांबवा. आधी डोक्यावर छप्पर."

मैसूरच्या महाराजांचा १८९९ चा सलून, म्हणजे खास राजेशाही डबा, दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, तो बघायला लोक तिकीट काढतात. नॅरोगेजसाठी नागपूरला मोतीबागेत २००२ पासून वेगळं संग्रहालय आहे. तिसऱ्या वर्गाच्या साध्या लाकडी डब्याची मात्र कुणाला पडलेली नसते, आणि गर्दी तर त्याच डब्यांनी वाहिली.

तर छप्पर. वर्गणी जमली, फॅब्रिकेटर तयार झाला, हे सगळं पंधरा दिवसांत. परवानगीवर घोडं अडलं. बाग ज्यांची, ते म्हणाले डबा रेल्वेचा, त्यांना विचारा. रेल्वेच्या कार्यालयात गेले तर जागा आमची नाही, तिकडे विचारा. बागवाल्यांकडे परत आले तर ते सातबाऱ्याचं. लेखी कुणीच काही देईना. एकदा अर्जावर शिक्का मारला पण आवक क्रमांक टाकला नाही. मी तिथेच उभी राहिले. "क्रमांक टाका, मग जाते." पोस्टातल्या बाईला बिनक्रमांकाचा शिक्का दाखवू नये. (तुम्हीही हेच करा. क्रमांक नसलेला शिक्का म्हणजे नुसती शाई.)

मग माहितीचा अधिकार. बागेच्या कार्यालयाला अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, रेल्वेला दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. विचारलं: हा डबा कुणाच्या मालकीचा? चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. माझा अर्ज इकडून तिकडे वर्ग झाला, तिकडून आणखी कुठे, आणि एके दिवशी जिथून निघाला तिथेच परत आला. डबा तिसऱ्या वर्गाचा आणि अर्ज कायमचा वर्ग! शेवटी एका ठिकाणाहून ठाम उत्तर आलं: या क्रमांकाचा डबा भंगारात निघालेला असून अभिलेखावर अस्तित्वात नाही.

त्या दिवशी मी बागेत जाऊन डब्याच्या पायरीवर बसले. बूड टेकलं होतं ते लाकूड चांगलं घट्ट होतं. कागदावर मात्र मी हवेत बसले होते.

उत्तर मिस्त्रींना दाखवलं. ते म्हणाले, "नंबर कुठून घेतला तुम्ही?" मी म्हटलं, डब्याच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलाय की. ते हसले. "तो पेंटरचा नंबर. डब्याचा नंबर लोखंडावर ठोकलेला असतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चेसीच्या बाजूच्या लांब चॅनेलवरचा रंग काढायला बसलो. मिस्त्रींनी आधी तोंडाला मास्क लावायला लावला आणि फडकं ओलं करून घेतलं. जुन्या रंगात शिसं असतं, कोरडा घासला तर धूळ नाकातोंडात जाते. पत्रीने पापुद्रे निघू लागले: वर लाल, त्याखाली हिरवा, त्याखाली पिवळट, मग पुन्हा लाल. सगळ्यांत खाली काळपट लोखंड आणि त्यात ठोकलेले आकडे. मी बोटाने चाचपून वाचले. शेवटचा आकडा ८. बाहेर पेंटरने काढलेला शेवटचा आकडा ३. इंग्रजी आठाची डावी बाजू एखाद्या वर्षी पुसट झाली असेल, पुढच्या पेंटरने दिसलं तसं गिरवलं, आणि त्यापुढच्यांनी तेच. दरवर्षीच्या त्या देखभालीने डब्याची ओळखच बदलून टाकली होती, आणि मी दुसऱ्याच डब्याबद्दल चौकशी करत बसले होते!

उत्साहाच्या भरात मिस्त्रींनी दरवाज्याजवळ तळहाताएवढी जागा उघडी केली. तिथे तीन उभ्या रेघा दिसल्या, वरखाली आडव्या टोप्या घातलेल्या: रोमन तीन, तिसऱ्या वर्गाची खूण. तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, म्हणजे तो थर त्याच्याही आधीचा. तेवढा चौकोन आम्ही तसाच ठेवलाय.

या वेळी माहिती विचारली नाही, अभिलेखांची पाहणी मागितली. हे मला आधी सुचायला हवं होतं. "डबा कुणाचा" विचारलं की "माहिती उपलब्ध नाही" लिहून मोकळे होतात. फाइल समोर ठेवा म्हटलं की ठेवावी लागते. रेल्वेकडे पाहणीचा पहिला तास फुकट, पुढे तासाला पाच रुपये. उत्तर तीस दिवसांत आलं नाही की लगेच पहिलं अपील करा, फोन करत बसू नका. मी फोन करत बसले, त्यात दोन महिने घालवले.

फाइल पाऊण तासात सापडली. बरोबर नंबरचं पत्र: डबा प्रदर्शनासाठी उसना दिलेला, मालकी रेल्वेचीच, निगा आणि देखभाल घेणाऱ्याने करावी. घेणारे म्हणजे बागवाले. छप्पर घालायला त्यांना कधीच कुणाला विचारायची गरज नव्हती. पत्राची एक प्रत त्यांच्याच कपाटात निघाली.

छप्पर नऊ दिवसांत उभं राहिलं.

आठवलं तसं सांगते. परवानगीची वाट बघताना आम्ही डब्याला निळं प्लास्टिक घट्ट गुंडाळलं होतं, ती आमची चूक. आत वारा नाही, दीड महिन्यात बाकांवर पांढरी बुरशी. ताडपत्री बांधायचीच तर बांबूंवर, डब्यापासून हातभर वर. पाण्याच्या प्रेशरने डबा धुऊ देऊ नका. पितळी हूक आणि कड्या आधी काढून ठेवा, नाहीतर चोर काढतात. पण काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसकट ठेवा. आमच्याकडे एक डबाभर स्क्रू आहेत, कुठले कुणास ठाऊक.

खांबांचे पाय अजून बदललेले नाहीत. मिस्त्री म्हणतात, एक अख्खा उन्हाळा लाकूड सुकू दे, मग खराब तेवढंच कापून नवं सागवान जोडू. तोवर बागवाल्यांना रंगाची घाई झालीच. गेल्या आठवड्यात पत्र आलं, प्रजासत्ताक दिनासाठी रंगकाम करायचं आहे, डब्याचा क्रमांक कळवावा. रंग नको असं सविस्तर लिहिलं, क्रमांक कळवला, शेवटचा आठ दोनदा गिरवला आणि पोचपावतीवर आवक क्रमांक घेऊनच घरी आले.