शनीलच्या दोऱ्याचं गांडूळ: फ्लाय बांधायची रीत

स्टीलहेड म्हणजे समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणारा रेनबो ट्राउट. मूळचा उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्याकडचा. सांगलीच्या कृष्णेत तो मिळायचा नाही. पण त्याच्यासाठी तिकडे वापरतात ती गांडुळाची फ्लाय, म्हणजे गळावर दोरा बांधून केलेलं नकली आमिष, इथेही बांधून बघावी. न्यू मेक्सिकोतल्या नदीवरून तिला सान ह्वान वर्म म्हणतात. पावसाने काठ ढासळले की गांडुळं पाण्यात येतात, हे तिकडेही खरं आणि हरिपूरच्या संगमावरही. चिलापी तर अशा घासावर हमखास येते.

गळ ८ किंवा १० नंबरचा, जाड तारेचा घ्या. स्टीलहेडला बारीक तारेचा चालत नाही, सरळ होतो. अंगासाठी २ मिलिमीटर जाडीचा शनीलचा दोरा, लाल किंवा गुलाबी. लोकरीच्या दुकानात मिळतो, पण आधी टोक जाळून बघा. आकसून गोळी झाली तर कृत्रिम धागा, तो हवा. कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, तो ठेवून द्या. भिजला की पिंजतो.

गळ व्हाइसमध्ये, म्हणजे छोट्या शिकंजात, घट्ट बसवा. नेढ्यामागून वाकणापर्यंत साध्या बारीक लाल दोऱ्याचे वेढे द्या. दांडीच्या मध्यावर अर्धा मिलिमीटर शिशाच्या तारेचे ८ वेढे आणि त्यावर पुन्हा दोरा. शिसं नसेल तर तांब्याची तार चालते, फक्त वजन कमी पडतं. आता शनीलचा ५ सेंटिमीटरचा तुकडा घ्या. मागे २ सेंटिमीटर मोकळा सोडून वाकणापाशी ४-५ वेढ्यांनी बांधा. पुढचा भाग उचलून धरा, दोरा नेढ्यामागे आणा, शनील दांडीवर सपाट ठेवून तिथेही तसाच बांधा. गाठ मारा आणि फक्त गाठीवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. ते शनीलमध्ये मुरलं तर गांडुळाची काडी होते, मग ते पाण्यात हलत नाही.

बहुतेकांची फ्लाय इथेच बिघडते. एकाच जागी बांधलं की शनील दांडीभोवती फिरतं. वेढे फार आवळले तर दोरा शनीलचा गाभा कापतो आणि दोन-चार माशांत शेपूट गळून पडते. शेपूट लांब ठेवायचा मोह तर सगळ्यांनाच होतो. मासा टोक ओढतो, पाण्यावर तरंगणारं बूच हलतं, आणि गळ रिकामा येतो. टोकं निमुळती करायला लायटरच्या ज्योतीच्या कडेला क्षणभर न्या, आत नको. काळी गाठ झाली तर ती कापून टाका.

रंगाची चर्चा फार होते, पण वजन जास्त महत्त्वाचं. गांडूळ पोहत नाही, तळाशी वाहत जातं. म्हणून तंगुसावर फ्लायच्या वर २० सेंटिमीटरवर शिशाची एक गोळी दाबा. अधूनमधून तळ लागला पाहिजे. कधीच लागत नसेल तर बूच वर सरकवा, दर वेळी अडकत असेल तर खाली. गढूळ पाण्यात गुलाबी चांगला दिसतो, निवळ पाण्यात तपकिरी आणि आखूड.

कोयनेतून विसर्ग वाढल्याचं कळलं की काठ सोडायचा, पाणी बघता बघता चढतं. आणि पावसाळ्यात गाभोळीने पोट भरलेली मादी आली, तर ओल्या हाताने गळ काढून तिला सोडून द्या. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबलेला असेल तर हे सोपं जातं.